मागच्याला दिसतंय का? टेम्पो-ट्रकच्या दिव्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी टेम्पो, पिकअप आणि ट्रकच्या बाहेरच्या दिव्यांबद्दलची पत्रे घेतली आहेत. उत्तरांत जिथे नियमाचा क्रमांक येईल, तो केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला समजावा.

प्रश्न: भाजीपाल्याची पिकअप आहे, १२ व्होल्टची. ब्रेक दाबला की मागची डावी बत्ती उजळायच्या ऐवजी मंद होते आणि त्याच बाजूचा इंडिकेटर बारीक पेटतो. दोनदा बल्ब बदलले, होल्डरही नवीन टाकला. वायरमन म्हणतो, आता पूर्ण वायरिंग बदला. (पिकअपमालक, नारायणगाव)

वायरिंगला हात लावू नका. हे खराब अर्थिंगचं लक्षण आहे, आणि भाजी वाहणाऱ्या गाडीत ते हमखास दिसतं. ओल्या जुड्यांचं पाणी हौद्यातून गळून थेट मागच्या दिव्यांच्या पट्टीवर येतं.

नेमकं काय होतं ते पाहा. ब्रेकच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट चेसिसवरून बॅटरीकडे परत जायला हवा. अर्थचा बोल्ट गंजला असेल तर ती वाट बंद होते. मग तो करंट त्याच दिव्यातल्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, टेललाइटच्या किंवा इंडिकेटरच्या वायरने मागे जातो आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या दिव्यातून अर्थ शोधतो. म्हणून नको तो दिवा बारीक पेटतो आणि हवा तो मंदावतो. नवीन बल्बने यात काहीच फरक पडत नाही.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. दीड चौरस मिमीची लांब वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, दुसरं मागच्या दिव्याच्या अर्थच्या पत्तीला टेकवा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवा खणखणीत पेटला तर निदान पक्कं. मल्टिमीटर असेल तर काळी पिन बॅटरी निगेटिव्हला आणि लाल पिन दिव्याच्या अर्थला लावून ब्रेक दाबलेला असताना वाचा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. १ व्होल्ट किंवा जास्त आलं तर दोष तिथेच आहे.

दुरुस्ती करताना जुन्या गंजलेल्या स्क्रूवरच वायर पुन्हा गुंडाळू नका. चेसिसवर कोरडी जागा निवडा, रुपयाच्या नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा. वायरला तांब्याची रिंगवाली थिंबल दाबून बसवा, सहा मिमीचा बोल्ट आणि दातेरी वॉशर लावून घट्ट आवळा. ग्रीस किंवा व्हॅसलिन आवळल्यानंतर वरून लावा, आधी नाही. डाव्या-उजव्या दोन्ही दिव्यांना वेगळी काळी वायर ओढून याच बोल्टवर आणली तर उत्तमच.

अर्थ ठीक निघाला तर दुसरा संशयित बल्बच. ब्रेक आणि टेल एकत्र असतो तो २१/५ वॅटचा दोन टिकल्यांचा (बुडाशी करंट घेणारे दोन ठिपके असलेला) बल्ब, त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या खालीवर असतात. घाईत कोणीतरी एका टिकलीचा २१ वॅटचा बल्ब तिथे जोर लावून बसवतो. मग ती एकच टिकली दोन्ही पत्त्यांना चिकटते आणि ब्रेक दाबला की गाडीच्या सगळ्या पार्किंग लाइट लागतात.

प्रश्न: दुधाचे क्रेट भरले की समोरून येणारे सगळे मला डिपर मारतात. मी तर लो बीमवरच असतो. रिकामी गाडी असताना कोणी मारत नाही. (चालक, संगमनेर)

समोरच्यांचं बरोबर आहे. कमानपाट्यावरची गाडी भरली की मागून बसते आणि तोंड वर करते. हेडलाइटही तिच्याबरोबर वर जाते.

हिशोब करून बघा. दोन चाकांमधलं अंतर ३ मीटर आहे आणि माल भरल्यावर पुढच्यापेक्षा मागची बाजू ६ सेंमी जास्त बसली, तर बीम २ टक्क्यांनी वर उचलला. रिकाम्या गाडीत लो बीम १ टक्का खाली, म्हणजे १० मीटरवर १० सेंमी खाली लावलेला असतो. भरल्यावर तोच १ टक्का वर झाला. दिवा जमिनीपासून ७५ सेंमीवर असेल तर ५० मीटरवर प्रकाशाची वरची कड सव्वा मीटरला पोचते. कारवाल्याचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात. नियम १०६ म्हणतो की ८ मीटर पुढे, दिव्याच्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिवा दिपवणारा नसावा.

डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असेल तर ते याचसाठी आहे. रिकामी गाडी ०, भरलेली २ किंवा ३. पुष्कळ गाड्यांत ते वर्षानुवर्षे ०वर असतं, नाहीतर आतली मोटर बंद पडलेली असते. चाक फिरवून भिंतीवरचा प्रकाश हलतो का, एवढं आधी पाहा.

चाक नसेल तर फोकस भरलेल्या गाडीवर लावा, कारण रात्रीचा तुमचा बराच प्रवास भरलेलाच असणार. टायरची हवा बरोबर भरा, चालक सीटवर बसवा. सपाट जमिनीवर भिंतीसमोर बरोबर १० मीटरवर गाडी सरळ उभी करा. दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा, तिच्याखाली १० सेंमीवर दुसरी. दिवे जमिनीपासून मीटरभराच्या वर असतील, जसे मोठ्या ट्रकला असतात, तर दुसरी रेघ १५ ते २० सेंमी खाली घ्या. एका दिव्यावर पोतं टाकून दुसरा लावा. प्रकाशाची आडवी कड खालच्या रेघेवर यायला हवी आणि मध्यापासून डावीकडे ती वर चढायला हवी, कारण आपण डावीकडून चालतो आणि कडेचा सायकलवाला दिसायला हवा. उजवीकडे चढत असेल तर दिव्याचा आख्खा सेट डावीकडे बसलेला चालक असणाऱ्या देशांसाठीचा आहे. तो काढूनच टाका, स्क्रू फिरवून तो सुधरत नाही.

प्रश्न: हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब टाकले. दुकानदार म्हणाला तिप्पट उजेड. पण पाऊस पडला की रस्ताच दिसत नाही, आणि मागे एलईडी टाकल्यापासून इंडिकेटर फार जोरात फडफडतो. (टेम्पोचालक, पनवेल)

हेडलाइटचा आरसा आणि काच एका ठरावीक ठिकाणच्या, बारीक तारेएवढ्या फिलामेंटसाठी बनवलेली असते. एलईडीचे चिप त्या जागी तंतोतंत येत नाहीत, दोन बाजूंना चिकटवलेले असतात. त्यामुळे उजेड विस्कटतो. गाडीच्या तोंडापुढे पांढरा लखलखाट आणि शंभर पावलांवर अंधार. पावसात तो विस्कटलेला उजेड थेंबांवरून परत तुमच्याच डोळ्यांत येतो. शिवाय त्या दिव्याची मंजुरी हॅलोजनसह घेतलेली असते, त्यामुळे फिटनेसच्या वेळी बल्ब बदलून आणायला सांगितलं तर वाद घालण्यात अर्थ नाही.

उजेड कमी पडत असेल तर आधी व्होल्टेज तपासा. फिलामेंटच्या उजेडाचं गणित फार निष्ठुर आहे. बल्बपर्यंत पोचणारं व्होल्टेज १२ऐवजी ११ झालं की उजेड जवळपास चौथाईने घटतो. १२ व्होल्टच्या दोन लो बीमना मिळून ११० वॅट, म्हणजे सव्वानऊ अँपिअर लागतात आणि जुन्या गाड्यांत तो सगळा करंट स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून फिरून येतो. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून बॅटरी पॉझिटिव्ह ते बल्बचा पॉझिटिव्ह असं मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा वेगळा स्विच) टाका. बॅटरीपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून अडीच चौरस मिमीची वायर रिलेला, तिथून बल्बला. स्विच फक्त रिले चालवेल. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. तो वारंवार उडतो म्हणून तिथे तांब्याची तार बांधण्याचा उद्योग करू नये, वायर कुठेतरी चेसिसला घासून सोलली आहे हेच तो सांगत असतो.

आता इंडिकेटर. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) करंटवरून बल्ब जिवंत आहे की मेला हे ठरवतो. २१ वॅटच्या जागी ३ वॅटचा एलईडी दिसला की त्याला वाटतं बल्ब गेला, म्हणून तो वेग वाढवतो. मिनिटाला ६० ते १२० या हद्दीत लुकलुक हवी. बाजारात यावर ६ ओहमचा रेझिस्टर विकतात. १२ व्होल्टला चालतो, पण तो २४ वॅट उष्णतेत घालवतो. प्लास्टिकच्या दिव्याला चिकटवला तर प्लास्टिक वितळतं. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणं स्वच्छ काम. आणि लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळ्यामागे पिवळाच. पांढरा एलईडी लाल काचेमागे टाकला की ब्रेकलाइट गुलाबट, फिकट दिसते.

प्रश्न: ट्रकला रेडियम पट्ट्या लावल्या की दोन महिन्यांत सुटतात. लाकडी बॉडी आहे. कोणत्या बाजूला कोणता रंग हेही प्रत्येक जण वेगळं सांगतो. (ट्रकमालक, इचलकरंजी)

पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. ट्रकसाठी ५० मिमी रुंदीची. (रेडियम हे नाव आपल्याकडे चिकटलं ते चिकटलंच. त्यात रेडियम नसतं, बारीक प्रिझम असतात आणि ते आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणूनच मागच्या गाडीच्या चालकाला पट्टी पेटलेली दिसते, बाजूला उभ्या माणसाला नाही.) प्रमाणित पट्टीवर मंजुरीच्या खुणा छापलेल्या असतात. हात लावल्यावर नुसती चमकी वाटणारी स्वस्त पट्टी दिवसा सारखीच दिसते, रात्री नाही.

लाकडावर पट्टी टिकत नाही कारण फळी ओल पिते, फुगते, आक्रसते आणि वरचा रंग पट्टीसकट पापुद्र्याने निघतो. फळीवर चिकटवूच नका. ६० मिमी रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी कापा, स्पिरिटने पुसा, पूर्ण कोरडी झाल्यावर त्यावर टेप लावून कापडाने मधून कडेकडे दाबत जा आणि मग ती पट्टी फळीला रिव्हेटने ठोका. रिव्हेटची भोकं टेपच्या बाहेर, त्या राहिलेल्या कडेवर. पेट्रोलने पुसण्याची सवय असते अनेकांना, ती सोडा. पेट्रोलचा तेलकट थर राहतो.

फाळक्यावर टेप लावताना बिजागरीच्या आणि कडीच्या जागी ती तोडून लावा. सलग ओढलेली टेप फाळका पहिल्यांदा उघडताच तिथून फाटते आणि त्या चिरेतून पाणी आत शिरतं. ताडपत्रीचं टोक किंवा दोर मागच्या टेपवर, दिव्यांवर लोंबत नाही ना, हे मात्र रोज बघावं लागेल. आठवड्याला ओला फडका मारा. मुरुमाच्या धुळीचा थर बसला की चांगली पट्टीही आंधळी होते.

याशिवाय मागे दोन्ही बाजूंना एकेक लाल रिफ्लेक्टर हवाच, टेप लावली म्हणून तो काढता येत नाही. आणि तुमची गाडी १२ टनांच्या वरची असेल तर मागच्या शेवटच्या आडव्या बीमवर ३० × १० सेंमीचा लाल दिवाही नियम १०५ प्रमाणे लागतो.

प्रश्न: रात्री मार्केट उघडेपर्यंत आयशर रस्त्याच्या कडेला लावून झोपतो. पार्किंग लाइट चालू ठेवली तर पहाटे सेल्फ लागत नाही. बंद ठेवली तर काय होईल? (चालक, सोलापूर)

बंद ठेवू नका. उभ्या, अंधाऱ्या ट्रकच्या मागे दुचाकी घुसणं हा आपल्या रस्त्यांवरचा नेहमीचा प्रकार आहे, आणि नियम १०९ पुढच्या-मागच्या पार्किंग लाइट रस्त्यावर उभ्या गाडीलाही चालू ठेवायला सांगतो. मागची लाल बत्ती १५५ मीटरवरून दिसायला हवी. गाडीची एकूण रुंदी २.१ मीटरपेक्षा जास्त असेल तर नियम १०७ प्रमाणे वरच्या कोपऱ्यांवर पुढे दोन पांढरे आणि मागे दोन लाल टॉप लाइट लागतात, तेही उभ्या गाडीला चालू. रुंदी मोजताना आरसे धरत नाहीत. हौद्याला पूर्ण बॉडी नसेल तर मागच्या टॉप लाइटची सक्ती नाही.

बॅटरी का बसते? ५ वॅटचे चार पार्किंग बल्ब, नंबरप्लेटचा एक, चार टॉप लाइट, म्हणजे ४५ वॅट. १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर, आठ तासांत ३० अँपिअर-तास. नवीन ७५ची बॅटरी हे सोसते, तीन वर्षांची नाही. इथे मात्र एलईडी खरोखर उपयोगी आहे. टॉप लाइट आणि टेललाइटचे तयार, बंदिस्त, मंजुरीची खूण असलेले एलईडी दिवे बसवले की हाच भार पाव होतो. हजार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून झोपू नका, चार २१ वॅटचे बल्ब अर्धा वेळ पेटूनही साडेतीन अँपिअर खातात.

सगळं करूनही बॅटरी बसत असेल तर झोपण्याआधी मागे जाऊन बघा, ब्रेकलाइट तर अडकून चालू नाही ना. पॅडलखालचा स्विच सरकला की त्या दोन बल्बचे ४२ वॅट रात्रभर जळतात आणि कोणाला पत्ता नसतो. आणि शक्य असेल तिथे रस्ता सोडून ट्रक टर्मिनलला किंवा ढाब्याच्या आवारात लावा. डांबराच्या कडेला अर्धी चाकं ठेवून उभी केलेली गाडी कितीही उजळली तरी धोकाच.

प्रश्न: सळ्या मागे चार फूट बाहेर आल्या तर लाल दिवा बांधून चालेल का? (हार्डवेअर दुकानदार, अकोला)

नाही. लाल कापड नाही, दिवाही नाही. बाहेर आलेल्या मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) मध्ये २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा आहे. सळ्या कापून घ्या किंवा लांब हौद्याची गाडी करा.

प्रश्न: घरपोच माल उतरवायला मागे पांढरा फ्लडलाइट लावला आहे. मालकाने कडेने निळ्या एलईडी पट्ट्याही टाकल्या. पोलिसांनी दोन्हीला हरकत घेतली. (डिलिव्हरी चालक, पिंपरी)

निळ्या पट्ट्या काढाच, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. फ्लडलाइटचं म्हणाल तर नियम १०८ प्रमाणे चालत्या गाडीतून मागे लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये. सूट आहे ती इंडिकेटरचा पिवळा, रिव्हर्सचा पांढरा, नंबरप्लेटवरचा आणि गाडीच्या आतला, अशांना. नंबरप्लेटचा दिवा मागून १५ मीटरवर नंबर वाचता येईल एवढा हवा, तुमच्या फ्लडलाइटपुढे तो दिसणारही नाही.

उपाय सोपा आहे. दिवा हौद्याच्या आत, छताला, खाली तोंड करून लावा आणि त्याची वायर फाळक्याच्या किंवा दाराच्या स्विचमधून घ्या. दार लागलं की दिवा बंद. पुढे सर्चलाइट लावायचा विचार असेल तर तोही सोडा, नियम १११ नुसार आरटीओच्या पूर्वपरवानगीशिवाय तो लावता येत नाही.

प्रश्न: घाटात गाडी बंद पडली तर त्रिकोण किती अंतरावर ठेवायचा? आमच्याकडे दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात. (चालक, इगतपुरी)

दगड ठेवणारा गाडी सुरू झाली की निघून जातो, दगड तिथेच राहतो आणि पुढच्या दुचाकीवाल्याला पाडतो. रात्री फांदी दिसत नाही, दगड तर नाहीच.

८० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाला त्रिकोण दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद, म्हणजे ४४ मीटर नुसत्या विचारात गेले. साध्या रस्त्यावर किमान ५० मीटर, महामार्गावर १०० किंवा जास्त मागे ठेवा. ५० मीटर म्हणजे मोठी सत्तर पावलं. घाटात मात्र अंतर मोजू नका, वळण बघा. त्रिकोण वळणाच्या अलीकडे, गाडी दिसायच्या आधी दिसेल असा हवा. वळण संपल्यावर ठेवलेला त्रिकोण गाडीबरोबरच दिसतो, त्याचा उपयोग नाही.

उतरण्याआधी हजार्ड लावा, उतरल्यावर चाकाला उताराच्या बाजूने लाकडी ठोकळा घाला. डांबर सोडून कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला आणि त्रिकोण छातीसमोर उघडून धरा म्हणजे जाताना तुम्हीही दिसाल. दाट धुकं असेल तर क्लीनरला गाडीच्या मागे उभं करू नका, हातात टॉर्च देऊन कठड्यापलीकडे उभं करा.

प्रश्न: चौकात सरळ जायचं असेल तर चारही इंडिकेटर लावायचे, असं शिकवलं गेलं. बरोबर का? (शिकाऊ चालक, लातूर)

चूक. डावीकडून येणाऱ्याला तुमचा फक्त डावा इंडिकेटर दिसतो, त्याला वाटतं तुम्ही वळताय. उजवीकडच्यालाही तसंच. सरळ जाणाऱ्याने काहीच लावायचं नसतं. धुक्यात चालत्या गाडीला हजार्ड लावण्याचंही तेच, मग वळायच्या वेळी सांगायला काही उरत नाही.

प्रश्न: क्लीनर नसतो. एकट्याने ब्रेकलाइट कशी तपासायची? (टेम्पोचालक, मडगाव)

सीटची कड आणि ब्रेक पॅडल यांच्यामध्ये मापाने कापलेली काठी अडकवा आणि मागे जाऊन बघा. किंवा रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, आरशात दोन्ही बाजूंचा लाल उजेड सारखा पडतो का ते दिसतं. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये स्विच हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे मीटरवर हवा भरल्याशिवाय तपासलं तर चांगली बत्तीही बंद वाटेल. काठीच्या टोकाला लाल फडकं बांधून ते स्टिअरिंगवर टाका, म्हणजे ती काढायची राहणार नाही.